टायरच्या दुकानाचं कॅलेंडर

नोव्हेंबरपासून मोजते आहे मी.
टायरच्या दुकानातून फुकट मिळालेलं कॅलेंडर,
पानोपानी बर्फात रुतलेले ट्रक,
आणि चौकटींत माझ्या पेन्सिलीच्या फुल्या.

फोन यायचा इस्पितळाच्या लाँड्रीत.
ड्रायरच्या घरघरीत एक कान दाबून मी ऐकायचे :
"एरोला आज जरा लवकर न्याल का?
शिक्षा नाही हो ही. नुसतं, जरा लवकर."
साडेदहा वाजलेले असायचे.
ओल्या चादरी तशाच टाकून पूल ओलांडायचे,
तर शाळेच्या दारात तो,
कोट उलटा, एक बूट पायात, एक हातात.

त्यांच्या दप्तरात असे दिवसच नाहीत.

"निलंबनाचे सहा," मिस्टर पेल्की म्हणाले,
"आणि खुर्ची फेकल्याचे हे चार. झाले दहा."
दहापर्यंत शाळेला कुणाला विचारावं लागत नाही.
अकराव्या दिवशी कायद्याला जाग येते,
म्हणून तर दहाव्यापर्यंत सगळे चवड्यांवर चालतात.

मी कॅलेंडर टेबलावर ठेवलं.
आठ फुल्या. तारीख, वेळ, फोन कुणाचा.
मिशिगनच्या या टोकाला तांब्याच्या खाणीत
माझे आजोबा हजेरीचे बिल्ले मोजायचे.
रक्तातच असावं हे,
कोण आत गेलं, कोण वर आलं, लिहून ठेवणं.

मग बैठक घ्यावीच लागली.
वाचनालयात, लहान मुलांच्या खुर्च्यांवर,
सगळ्यांचे गुडघे हनुवटीशी.
कायद्याचे प्रश्न दोनच :
हे वागणं त्याच्या अपंगत्वातून आलं का?
की तुम्हीच लिहून दिलेलं तुम्ही पाळलं नाहीत, त्यातून?

लिहिलेलं होतं. सही होती. पेल्कींचीच.
आगीच्या घंटेचा सराव असेल तर आधी सांगावं.
कानांवर झाकणं द्यावीत. दाराशी बसवावं.

मिस डोरीनचं मनगट प्लास्टरमध्ये.
खुर्ची तिलाच लागली होती.
ती म्हणाली, "हा कागद मी आज पहिल्यांदा बघतेय.
मी बदली आहे. ऑक्टोबरपासून बदलीच आहे."
पेल्कींनी पेनाचं टोपण लावलं,
काढलं, पुन्हा लावलं.

मला त्यांच्या तोंडून "हो" हवं होतं.
त्यासाठी रात्र रात्र कागद वाचले,
शब्दकोश घेऊन, जेवणाच्या ताटाशेजारी.
आणि ते "हो" आलं
तेव्हा जिभेवर तांब्याची चव.
आता माझं पोर म्हणजे
एका चौकटीतली खूण.

एरो इतका वेळ टेबलाखालचं च्युइंगम मोजत होता.
"सतरा," तो म्हणाला. आणि मग,
"पण डेलला मी मुद्दाम मारलं होतं. गेल्या वर्षी.
ते घंटेमुळे नव्हतं. ते मीच."

कुणी लिहून घेतलं नाही.
त्या कागदावर तेवढी जागा नव्हती.
मी मात्र ऐकलं, आणि का कोण जाणे,
कित्येक महिन्यांनी पाठ ताठ करून बसले.

निघताना त्यानं डोरीनला विचारलं, "दुखतं?"
ती म्हणाली, "हो."
तो थांबला जरासा. मग दुसरा बूट घातला.

सोमवारी त्याला शाळेत सोडलं.
दहाच्या सुमाराला लाँड्रीतला फोन वाजला.
हात पुसताना मी मनातल्या मनात
गाडीची किल्ली शोधलीसुद्धा.

"डोरीन बोलतेय. साडेदहाला घंटेचा सराव आहे.
त्याला सांगितलंय. दाराशी बसलाय.
तुम्हालाही सांगावंसं वाटलं."

पुलापलीकडची घंटा इथवर पोचत नाही.
तरी साडेदहाला मी ड्रायर बंद केला
आणि उभी राहिले,
चादरीचं एक टोक हातात धरून.